जरा फिकट काढा

परळला, हॉस्पिटलच्या मागच्या गेटसमोर,
जिन्याखालच्या साडेचार फुटांत माझं झेरॉक्सचं मशीन आहे.
दोन रुपये पान, पाठपोट तीन.
सकाळी रेशनकार्डं येतात, केसपेपर, डिस्चार्जचे कागद,
दुपारनंतर एखादा मृत्यूचा दाखला.
त्याच्या मी न विचारता दहा प्रती काढतो.
किती ठिकाणी सांगावं लागतं
ते माणसाला त्या दिवशी ठाऊक नसतं.

जुलै-ऑगस्टात मार्कशीटं.

आकडे उलटे वाचायची मला सवय झालीय.
गिऱ्हाईक कागद पुढे करतं तो त्याच्या बाजूनं सुलटा,
माझ्याकडे त्याचं डोकं खाली.
काचेवर पालथा घालेपर्यंत कळतं
कुणाकडे आज पेढे, कुणाकडे नुसता पंखा.
बोलत मी काही नाही.
झाकण लावतो.

ती आली तेव्हा गेलेली लाइट नुकतीच परत आली होती.
मशीन तापायला दोन मिनिटं घेतं.
तेवढ्यात मी वाचलं:
घाडीगांवकर मयूरी अनंत.
फिजिक्स एकोणचाळीस,
केमिस्ट्री चव्वेचाळीस,
बायोलॉजी अडुसष्ट.
मनात बेरीज केली, ही खोड काही जात नाही.
एकशे एक्कावन्न.
दीडशे असल्याशिवाय फॉर्मच भरता येत नाही.

एका मार्काच्या फळीवर उभी होती पोरगी
आणि पिशवीत आईचा डबा.
आई मला माहीत आहे. बाळंतिणींच्या वॉर्डातली मावशी,
सुट्ट्या पैशांवरून माझ्याशी दोनदा भांडलेली.

"काका, पहिली ओळ तेवढी जरा फिकट निघेल?"

मी तिला बटण दाखवलं. गडद, फिकट, मध्ये पाच खुणा.
म्हटलं, सगळं पान फिकट होतं गं,
एकट्या ओळीला नाही सांगता येत.
"काढून तर बघा."
काढली.
एकोणचाळीस धुक्यात गेले, खरंच गेले,
पण त्यांच्या आधी तिचं नाव गेलं,
नावाखालचं आईचं नाव गेलं, मंडळाचा शिक्का गेला,
आणि अडुसष्टातल्या इंग्रजी आठाची
डावी कड पुसली जाऊन त्याचा तीन झाला.
बेरीज एकशे शेहेचाळीस.

ती आधी हसली, मग मी.

यानंतर लोक कारण सांगतात.
ताप होता, क्लासवाला पळाला, तपासणारा खडूस.
मी वाट बघत होतो.
ती म्हणाली, "मला लेन्सच्या पुढचं काही समजलंच नाही."
असं कुणी सांगत नाही हो, या काउंटरवर तरी.

मशीनचं पोट उघडं करून दाखवलं तिला.
हा दिवा, हा सरकणारा आरसा, ही बघ तुझी लेन्स.
हात मागे बांधून वाकली,
वॉर्डात काही शिवायचं नसतं तशी,
आणि बराच वेळ बघत राहिली.
मागे एक इसम एक्सरेचा लिफाफा घेऊन ताटकळत होता.
"म्हणजे आत उलटंच पडतं आधी?"
उलटंच.
"आणि मग?"
मग मला माहीत नाही, मी कॉम्प्रेसरवाला माणूस,
कारखाना बंद पडल्यावर इथे बसलो.

"गडद काढा," म्हणाली. "पाच प्रती."
चौथ्या खुणेवर ठेवलं बटण.
एकोणचाळीस असे उमटले
की रस्त्यापलीकडून वाचावेत.
दहा काढल्या, पाचाचेच पैसे घेतले.
तिनं मोजल्या नाहीत. डबा सांभाळत
गेटमधून आत गेली, वॉचमनला न विचारता.

ती फिकट प्रत राहिली माझ्याकडे.
पाठकोरी आहे, मागे मी उधारी लिहितो.
परवा लिहिता लिहिता पान उलटलं
तर वाटलं कोरंच आहे, उजेडाला धरावं लागलं.

यादी कधी लागते कोण जाणे.
मावशी आली होती काल, हजेरीचा कागद घेऊन.
मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.
सुट्टे मात्र नीट मोजून दिले तिनं.