पत्र्याचे आकडे

आमच्या बाजूच्या शून्याचा रंग
डिसेंबरातच उडाला.
दर सामन्याला तोच पत्रा खिळ्यावर,
आणि बहुतेक वेळा रात्रीपर्यंत तोच.
पाहुण्यांचे दोन, तीन, चार हाताळून गुळगुळीत झाले.
आमचा पाच मात्र कोरा करकरीत,
हफीज पेंटरनं घोटून काढलेला.
नाक जवळ नेलं तर अजून टर्पेंटाइनचा वास येतो.

मी फळ्याच्या मागे बसतो.
एक शिडी, थर्मासात चहा,
आणि डोळ्यांच्या उंचीवर एक चौकोनी भोक,
एवढाच माझा हॉकीचा हंगाम.
भोकातून पाणी मारलेलं हिरवं मैदान दिसतं,
वर किल्ला,
आणि मधे आमची माणसं, धावणारी,
बहुतेकदा उलट्या दिशेनं.

संघाचं नाव किलेदार.
सात गोल खाल्ले त्या रात्री
कँटीनचा सुर्वे म्हणाला,
किल्ला गेला, आता नुसतं दार उरलंय,
तेही सताड उघडं.
मी हसलो. मग शिडी चढून सात उतरवला.

चौदा सामने. अकरा हरलो,
दोन बरोबरीत सुटले,
आणि एक धुक्यात गेला.
दहाव्या मिनिटाला मला माझीच शिडी दिसेना,
पंचाची शिट्टी कुठून आली तेही कळलं नाही.
त्या सामन्याबद्दल लश्करात अजून बोलतात,
तो आपण जिंकत होतो म्हणून.
कुणी पाहिलं नाही,
त्यामुळे कुणी खोडूनही काढत नाही.

जानेवारीत तूपवाल्यांनी करार मोडला.
कुंदाताईंनी बावीस जर्स्यांवरून
डब्याचं चित्र उसवलं,
तर खाली निळा रंग जसाच्या तसा,
बाकी सगळं उन्हानं विटलेलं.
तेव्हापासून प्रत्येकाच्या छातीवर
एक चौकोन, अजून न हरलेला.

पगार अर्धा झाला. तोमर भोपाळला गेला.
चांगला खेळायचा, जाणारच.
गोलकीपर अल्बन मिंज राहिला.
सामना संपला की पॅड न सोडता
तो जाळ्यातले चेंडू वेचतो,
सिमडेग्याला आई खुराड्यातून अंडी काढते
तसे, सांभाळून, एकेक.

घरी वैजयंती आधी दारातच विचारायची, जिंकलात?
संक्रांतीपर्यंत त्याचं 'किती?' झालं.
मग तेही बंद.
चपला काढल्याच्या आवाजावरून
ती वरणावर तूप किती घालायचं ते ठरवू लागली.
एवढं तूप मी जन्मात खाल्लं नव्हतं.

शेवटचा सामना, फेब्रुवारीतला रविवार.
साठ प्रेक्षक, त्यात वीस एका शाळेनं आणलेले.
मध्यंतराला शून्य–तीन.
मी चहा ओतून घेतला.
मग एक झाला.
मग दोन. दोनच्या पाठीमागे कोळ्यानं घर केलं होतं,
त्याला उचलून बाजूला ठेवलं.
आणि पाच मिनिटं उरली असताना
त्या वीस पोरांनी अशी काही आरोळी ठोकली
की भोकातून बघायच्या आधीच मला कळलं.

आमचा तीन कधी लागलाच नव्हता.
खिळ्याचं भोक रंगानं बुजलेलं.
सायकलच्या किल्लीनं कोरत बसलो, घाम फुटला,
रंगाचे पापुद्रे चहात पडले.
तेवढ्यात त्यांनी चौथा घातला.

त्यांचा चार माझ्या हाताशी होता, गुळगुळीत.
मी आधी आमचा तीन लावला.
सरळ केला. थोडा डावीकडे घेतला.
पंधरा सेकंद, फार तर वीस,
ग्वाल्हेरच्या फळ्यावर तीन–तीन होतं.
वरून किल्ल्याच्या बाजूनं कुणी बघत असेल
तर त्याला खोटं वाटू नये म्हणून
मी बाजूलाही सरकलो.

नंतर चार लावला. लावावा लागतोच.

दिवे विझल्यावर पत्रे पोत्यात भरले,
पाहुण्यांचे खाली, आमचे वर.
पाचाचं भोकही बुजलेलंच होतं.
अंधारात चाचपडत,
घरी निघण्याआधी,
किल्लीनं तेवढं मोकळं करून ठेवलं.