दाब

माझ्या मोबाईलवर आठवड्याला एक तरी साप येतो.
बहुतेक वेळा अर्धाच.
शेपूट लाकडांच्या माचीत, तोंड फोटोच्या बाहेर,
आणि खाली शमीमचा आवाज:
"नाग का धामण? लवकर सांगा, मी काठी घेऊन उभी आहे."

काठी खाली ठेव.
मी अल खाबुराच्या खजूरबागेतून बोलतो,
समुद्राच्या ह्या काठावरून. मागे पंप चालू.
लांबी सांगू नकोस, भ्यालेल्या माणसाचा साप हातभर वाढतोच.
ओठ बघ.
वरच्या ओठावर काळ्या उभ्या रेघा आहेत का,
मिश्री लावून तोंड न धुताच उठलेल्या बाईसारख्या?
डोळा मोठा, बाहुली गोल.
शेपटीकडे काळे आडवे पट्टे.
डिवचलीस तर घशातून गुरगुरेल, आणि मान फुगवेल ती उभी.
नाग आडवी पसरतो.
"आडवी म्हणजे?"
पापड.
"आणि उभी?"
घास अडकलेला तुझा भाऊ.
ती हसते. म्हणजे काठी खाली गेली.

मग फोन हातोहात फिरतो, सगळ्या आळीला विचारायचं असतं.
म्हशीच्या पायांना विळखा घालून दूध पिते म्हणे?
हुसेनमामा, तिला चोखता येत नाही. उंदीर खाते, तुमच्याच कोठारातले.
नागाची बायको ना ती?
नाही हो. तिचा नवरा धामणच.
शेपटीचा फटका बसला की पाय सुकतो?
सुकत नाही. घाण वास मात्र येतो.
आणि चावते का?
चावते. हे लपवणार नाही. रक्त येईल, विष नाही.
पण ओळखण्यात जराही शंका असेल
तर माझ्या फोनची वाट बघू नका, दवाखाना गाठा.

इथे धामण नाही.
नोआखालीचा मफिझुल तिला दाराश म्हणतो,
शशी म्हणतो चेरा.
तीन नावं, आणि साप एकही नाही.
रात्री खबूस मोडताना
आम्ही ती नावं एकमेकांच्या ताटात वाढतो.

पहिल्या वर्षीची गोष्ट.
मालकाचा थोरला, खलफान, पंपरूममधून ओरडला:
"दाब! दाब!"
त्याच्या जिभेवर प नाही, परकारचा मी बरकार झालो होतो.
त्याचं काहीच कळत नव्हतं मला तेव्हा,
पण हा शब्द तर आमचाच.
हातात फावडं होतं.
दाबलं.
तो ओरडायचा थांबेपर्यंत दाबून धरलं.

संध्याकाळी शशीनं सांगितलं,
दाब म्हणजे ह्यांच्यात साप.
तो मला करायला काहीच सांगत नव्हता.
नुसता दाखवत होता.

मी परत जाऊन उकिडवा बसलो.
सुंभाच्या दोरीएवढी, वाळूच्या रंगाची.
फुरशाचं ते रुंद त्रिकोणी डोकं नाही, खरखरीत अंग नाही.
डोळा मोठा. बाहुली गोल.
ओठ कोरे.
दापोलीकडच्या सात वाड्या मला बोलवायच्या,
रात्री-अपरात्री, बॅटरी घेऊन,
मारू नका एवढं सांगायला.
तिचं नाव मला आजही येत नाही.
खलफाननं खांद्यावर थाप मारली, खजुराचा डबा दिला.
तो मी वाटून टाकला. एक खाल्ला. गोड होता.

शमीमचा आवाज पुन्हा येतो:
"गेली. उकिरड्याकडून कुंपणातून.
एक अंडं कमी आहे. तुमच्या नावावर मांडते."

मांड.

पंपरूमच्या भिंतीला, पाइपाच्या बुडाशी, एक भोक आहे.
मनगट जाईल एवढं.
खलफान विचारतो, बरकार, बुजवलंस?
मी म्हणतो, बुकरा. उद्या.
थापी आहे, पाणी तर आहेच.
कोपऱ्यात सिमेंटची गोणी
दमट हवेत हळूहळू दगड होत चालली आहे.