नेम

तिसा नदीकाठच्या भाषेत 'नेम' म्हणजे नाही.
पहिल्याच आठवड्यात कळलं, पावाच्या दुकानात.
खसखशीचे पाव संपले होते, बाई म्हणाल्या, नेम.
मला वाटलं, काही नियम असेल.

बोग्लार्का सेंद्रेईच्या पडद्यावर दोन्ही अर्थ एकत्र नांदत.
वर तिने लिहिलेले नेम:
वरचं दार उघडेल, जर खालचं बंद असेल
आणि हौदातलं पाणी नदीला भिडलं असेल.
खाली यंत्राचा जबाब.
दोन वर्षं प्रश्न एकच:
अशी एखादी घडी आहे का
की पडाव चढवणाऱ्या या हौदाची
दोन्ही दारं एकदम उघडी?

कसं शोधायचं ते यंत्राला सांगायचं नसतं,
खरं काय, एवढंच सांगायचं.
मग ते निघतं, फाट्यावर वळतं,
भिंत लागली की मागे येतं,
वाटेत ठेवलेली नावं पुसत,
जणू त्या वाटेने गेलंच नव्हतं.
"आपल्याला हे जमत नाही," बोग्लार्का म्हणायची,
"आपण मागे येतो, नावं चिकटून येतात."

मी तिला सांगितलं, आमच्याकडे म्हणतात, नदीचा नेम नाही.
ती हसत सुटली.
"नदीबद्दल तुम्ही दोनदा नाही म्हणता?"

खालच्या केबिनमधून वेंडेल बाची वर यायचा,
हातात मिरच्यांच्या लोणच्याची बरणी.
"एकतीस वर्षं दारं उघडतोय. काही झालं नाही.
तू आणखी काय सिद्ध करणार?"
आणि मग झाकण फिरवत, बरणीलाच सांगितल्यासारखं,
"एकदा सोडलं तर."

फेब्रुवारीतल्या एका सकाळी पडद्यावर होतं: इगेन.
हो.
आणि खाली सतरा पायऱ्या.
नववी: धुकं.
अकरावी: वीज जाते, दोन सेकंद.
बारावी: वीज येते. यंत्र धरून चालतं की दार बंद आहे.
चौदावी: माणूस बटण दाबतो.
बरोबर बटण. बरोबर वेळी.

वेंडेलने चष्मा पुसून दोनदा वाचलं.
बोट चौदावीवर थांबलं.
"लायोश म्हणाला होता, वीज गेली होती.
त्या दोन सेकंदांची नोंद कुठेच नव्हती.
रेतीचा पडाव गेला, त्यावरचा एक पोरगा गेला.
चौकशीत लिहिलं, मानवी चूक.
खाली साक्षीदार म्हणून माझी सही आहे."
लायोशने पुढे मधमाश्या पाळल्या, बारा वर्षं,
नदीपासून लांब. मग मेला.

बोग्लार्काने एक नेम वाढवला:
वीज परत आली की आठवणीवर विसंबू नये,
आधी दाराकडे बघावं.
यंत्र दोन रात्री सगळे फाटे हिंडलं.
नेम.
इतकं सुंदर नाही मी आयुष्यात ऐकलं नव्हतं.

वेंडेल मात्र उठेना.
"त्याला विचार, लायोश निर्दोष होता का."
तिने विचारलं.
नेम.
म्हाताऱ्याचा चेहरा उतरला.
"तसं नाही," ती घाईने म्हणाली,
"याला जे कोणी सांगितलं नाही, ते याच्यापुरतं नाहीच."
"मग सांग."
"मी नाही. मी तिथे नव्हते."
तिने कीबोर्ड त्याच्याकडे सरकवला.

एका बोटाने, एकेक अक्षर शोधत:
निर्दोष, कंस, लायोश, कंस पूर्ण.
काही झालं नाही.
"पुरावा मागतोय का?"
"नाही. हे नुसतं तथ्य. त्याला फक्त सांगणारा लागतो.
शेवटी टिंब द्या. ते येईपर्यंत हा वाट बघत बसतो."

त्याचं बोट त्या कळीवर किती वेळ होतं.
तेवढ्यात खाली भोंगा झाला,
धुक्यातून पडाव आला होता.
त्याने टिंब दिलं,
टोपी उचलली,
आणि जिन्यात, सवयीने, आधी दाराकडे पाहिलं.