चार्जर धरून

जेल रोडवरच्या दुकानात, दुसऱ्या मजल्यावर,
मी पर्समधून लटकता काटा काढला,
प्रवासाच्या बॅगा तोलतात तो.
मुफद्दल हसू दाबायला काउंटरखाली वाकला
आणि उगाच एक केबल शोधू लागला.

हसू दे.
माझ्या कमरेतली एक गादी सरकली आहे,
आणि डॉक्टर मुंगींनी गोळ्यांच्या नावांखाली लिहिलंय,
दोनदा अधोरेखित :
खांद्यावर तीन किलोच्या वर नाही.
ड्रोन, रिमोट, तीन बॅटऱ्या, बदलायचा एक ड्रेस.
उरतं एक किलो साडेसहाशे.
एवढ्यात अख्खा डोंगर मावायला हवा.

पहिला होता एक किलो नव्वद,
पापडासारखा. दोन बोटांत उचलला.
मी पेन ड्राइव्ह लावला, चारशे अकरा फोटो,
म्हटलं, जोड हे.
सात मिनिटांत तो इस्त्रीसारखा तापला
आणि गप्प झाला.

दुसरा ताकदवान. मुफद्दल त्याच्याबद्दल
घरच्या मुलाबद्दल बोलावं तसं बोलत होता.
काटा म्हणाला, एक किलो सहाशे.
मी म्हटलं, आता चार्जर लटकव.
‘चार्जर कौन तौलता है, मॅडम?’
जो उचलतो तो.
सातशे ग्रॅम. वीटच ती.
आकडे छापताना सगळे ही वीट घरी ठेवून येतात.

त्याला काय सांगू, की हे वजनाचं नाहीच मुळी.
गेल्या वर्षी सोंडव्याच्या पुढे
थावरियाने मला त्याचा उतार दाखवला,
पाणी कुठून येतं, कुठली माती घेऊन जातं.
मी ड्रोन उडवला. तो मान वर करून उभा.
मग माझ्या शेजारी बसला, पडद्याकडे बघत.
पट्टी सरकेना. नऊ टक्के. अकरा.
जुन्याचा पंखा चक्कीसारखा घरघरत होता,
पोरं पेंगली, चूल विझली,
आणि मी म्हटलं, उद्या.
उद्या सहाची बस होती.
नकाशा तयार झाला इंदूरला, माझ्या टेबलावर,
मग फाइलमध्ये गेला, मग भोपाळला.
ज्याचा डोंगर, तो सोडून सगळ्यांनी पाहिला.

तिसरा एक किलो तीनशे ऐंशी.
चार्जर साबणाच्या वडीएवढा, दोनशे चाळीस.
चारशे अकरा फोटो, छत्तीस मिनिटं.
तेवढ्यात मुफद्दलने दोन चहा मागवले
आणि त्याच्या आईच्या कमरेचं सांगितलं.
अठरा हप्ते.
वर त्याने बॅग फुकट दिली, चांगली, जाड.
मी ती काट्याला लावली. आठशे ग्रॅम.
या खेपेला तोही मोकळेपणी हसला.

गंगवालहून सकाळची बस.
लॅपटॉप ओढणीत गुंडाळून मांडीवर,
तीस ग्रॅम शिल्लक होते,
त्याचे चार पेढे घेतले.

थावरिया नव्हता. मजुरीला गुजरातेत, होळीला येईल.
त्याची बायको केमती आली, हात पुसत.
मी मागच्या वर्षीचे फोटो लावले,
अंधार पडायच्या आत डोंगर पडद्यावर उभा,
झाडन् झाड, बांधन् बांध.
मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते, कबूल करते,
कौतुकाची वाट बघत.

ती बराच वेळ बघत राहिली.
मग नाल्यावर बोट ठेवून म्हणाली,
हा आता इथे नाही.
पावसात सरकला. महुडा पण गेला, हा बघ, हा.
आमचं अर्धं वावर तिकडे गेलं.

बॅटरी एकसष्ट टक्के.
मी झाकण मिटवलं.
केमती म्हणाली, सकाळी वर चल, दाखवते,
चढ आहे पण.
आणि माझी पिशवी उचलून आत नेली,
एका हाताने,
काही न तोलता.