पहिली नस

मार्चमध्ये लोफोतेनला
लाकडी मांडवांवर कॉड वाळत असतो.
दवाखान्याच्या खिडक्या लावून घेतल्या
तरी फाइल उघडली की वास येतोच.

"हल्ली गप्प असतो," गुडनी म्हणाली.
"होडी अजून रंगवली नाही. असं कधी झालं नव्हतं."
एइलर्ट टोपी मांडीवर घेऊन बसलेला,
जणू दुसऱ्याच कुणाबद्दल चाललंय.

डोक्यातून निघणाऱ्या बारा नसा बघू, मी म्हटलं,
आणि दुसरीपासून सुरू केलं. सगळेच करतात.
भिंतीवरची अक्षरं वाचा. आता डावा डोळा झाका.
मान नको हलवू, फक्त नजर:
माझं बोट हवेत मोठा एच काढत गेलं
आणि नजर त्याच्या मागे,
घाई नसलेल्या कुत्र्यासारखी.
कापसाची वात कपाळाला, गालाला, हनुवटीला.
डोळे घट्ट मिट, मी उघडणार.
मला उघडता आले नाहीत.
कानाशी बोटं चोळली. काय ऐकू येतं?
"दोन्हीकडून वारा."
आ कर. पडजीभ मधोमध वर गेली.
खांदे उचल, मी दाबते
(माझेच हात वर गेले).
जीभ बाहेर.

तेव्हा कुठे तो हसला.
आठव्या वर्षी हा बंदरावर
कॉडच्या जिभा कापायचा,
डोकं खिळ्यात अडकवून, सुरीच्या एका फटक्यात एक,
बादलीमागे पैसे, पैशांची सायकल.
जीभ आत न घेताच सांगत होता,
म्हणून निम्मं गुडनीनं सांगितलं.
जीभ सरळ होती.

फॉर्मच्या पहिल्या ओळीत मी लिहिणार होते
जे दरवेळी लिहिते: तपासली नाही.
"आणि नाक?" तो म्हणाला.
"बारा म्हणालीस. मी अकरा मोजल्या."
मासे मोजण्यात जन्म गेलेला माणूस.

ड्रॉवरच्या तळाशी कॉफीची कुपी सापडली.
डोळे मिट. एक नाकपुडी दाब.
काही नाही.
दुसरी. काही नाही.
कुपी जुनी असेल, म्हणून पळत जाऊन
स्टाफच्या खोलीतून पेलाभर ताजी आणली.
"गरम आहे काहीतरी," तो म्हणाला.

स्कॅनचा कागद भरायला घेतला.
कपाळामागे, अगदी तळाशी बघावं, असं लिहिलं
आणि आवाज जमेल तितका सपाट ठेवला.

गुडनी पेल्याकडे बघत होती.
"नाताळपासून दोनदा बटाटे करपले माझे," ती म्हणाली.
"यानं मुकाट्यानं खाल्ले.
मला वाटलं,
म्हातारपणी सुधारला."