खिडकी क्रमांक चार, बडोदे

दांडिया बजारातून त्या चालत आल्या,
चौदा जणी. टाळी कुणीच वाजवली नाही.
मला धास्ती टाळीची होती;
ही शांतता भलतीच निघाली.

पुढे हंसामासी, दोरी लावलेला चष्मा.
मागे तापाने फणफणलेली झरणा, दोघींच्या खांद्यांवर.

"गेल्या उत्तरायणला आमची मोगरा
बायकांच्या वॉर्डातून पुरुषांच्या,
तिथून व्हरांड्यात.
पतंग बघत गेली.
तिचा कागद तूच लिहिलास ना, भाऊ?"

होय. मीच.

रांगेतली एक म्हातारी म्हणाली, आधी त्यांना घ्या.
कुणी नाक मुरडलं, कुणी सरकलं.
मी केसपेपर ओढला.
नाव झरणा. वय बावीस.
पुढच्या चौकोनापाशी पेन थांबलं.

"अडलास का?" हंसामासी म्हणाली,
"तिलाच विचार की. तोंड आहे तिला."