फॉर्म क्रमांक सत्तावीस

गोळीबार चौकाजवळच्या समाजभवनात
एक टेबल आहे, तीन पायांचं, चौथा पाय विटेवर.
तिथे मी बसते. अकरा ते पाच.
मागे फलक: ‘वस्तीतले कलावंत, वस्तीतली कला.’
फ्लेक्सचा.
तो रंगवायला वस्तीतला रंगारी का नाही बोलावला
हे मी विचारलं नाही. मीही रोजंदारीवरच आहे.

सत्ताविसावे आले सुकराम बारापात्रे, तांडापेठ.
चपला दाराबाहेर काढून,
बोटांवर वाळलेली खळ, बाहीत बांबूच्या किशा.
“तुम्हीच लिहा बाई. माहं अक्षर म्हणजे कोंबडी नाचली.”

कलाप्रकार?
थोडे थांबले. “बडगे करतो.”
रकान्यात चित्र, शिल्प, संगीत, नृत्य, इतर.
मी ‘इतर’वर खूण केली
आणि मलाच कसंसं झालं.

अडलो ते पाचव्या रकान्यावर:
आधीच्या कामाची पाच छायाचित्रे जोडा.
काम सध्या कुठे आहे ते लिहा.
“कुठं राहीन? जाळलं ना.
तान्ह्या पोळ्याले सकाळी निंगते, सांजच्याले जळते.
ठेवून घेतलं तं मंग
घरातून काय काढलं?”

रांगेत मागे शबनम काझी, मोमिनपुऱ्याची मेंदीवाली,
कोन रुमालात गुंडाळलेला.
हसली. “चाचा, माझं आठ दिवसांत जाते.
भांडी घासणारीचं चारच.”
मग दोघं बोलत बसले, कुणाचं किती लवकर पुसतं,
जुनी सोयरीक निघाल्यासारखे.

मी संध्याकाळी वस्तीत फिरले.
फोटो होते, घरोघर होते,
बडग्याचा म्हणून काढलेला एकही नव्हता.
हेडाऊंचा बारका लाकडी बैल घेऊन उभा,
मागे एक भलंमोठं कागदी नाक.
नंदनवारांच्या नव्या मोटारसायकलला हार,
आणि कडेला एक हात, बोटं सहा.
एकात नुसता धूर,
धुरात कुणी पाठमोरं, बहुतेक तेच.
असे पाच जमवले. जोडले.

शेरा आला: ‘छायाचित्रे अस्पष्ट.’
तरीही तीन रविवार मिळाले, मुलांसाठी.
पंधराशे रुपये, साहित्य ज्याचं त्याचं.

एकतीस पोट्टे आले.
त्यांनी चित्र काढा म्हटलं नाही.
म्हणाले, “तुमाले काय नको, ते सांगा.”
मच्छर. भूमिती. नळाला रात्री दोनला येणारं पाणी.
एक मुलगी काही बोललीच नाही,
कोपऱ्यात बसून तिने कागदाची एक बाटली वळली.
सुकरामजींनी ती घेतली
आणि बडग्याच्या पोटात बसवली, अगदी मधोमध,
काही न विचारता.
कागद कमी पडला तेव्हा
मी उरलेले कोरे फॉर्म दिले. खळीत छान भिजतात.

तिसऱ्या रविवारी साहेब आले. खूश झाले.
“हे लॉबीत ठेवू. काचेत. वर्षभर.”
सुकरामजींनी त्यांच्याकडे असं पाहिलं,
जसं पाहावं त्या पाहुण्याकडे
जो जेवून झाल्यावर ताटही घरी नेतो म्हणतो.
“वर्षभर? मंग ते जाईन कवा?”

साहेबांचा फोन वाजला. ते बाहेर गेले.
काडेपेटी पानठेल्यावरून आली.
कुणी घोषणा दिल्या, कुणी नुसताच डबा बडवला.
ती मुलगी सगळ्यात पुढे होती,
इतकी पुढे, की मला तिला मागे ओढावं लागलं.

अहवालात एक रकाना असतो: शिल्लक कलाकृती.
बराच वेळ पेन हातात धरून होते.
मग शून्य लिहिलं,
आणि ते शून्य जरा मोठंच आलं.

बाहेर ते पाणी मारून राख घमेल्यात भरत होते.
खिडकीतून ओरडले,
“बाई, पुढच्या सालचा फारम कवा निंगते?
सत्तावीस नंबर माह्याच नावानं ठेवजा.”